‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका आणि कृष्णाकाठची रयत

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत झालेल्या समाजसुधारणेच्या चळवळींचा महाराष्ट्राशी असलेला सर्वांत ठळक लेखी संबंध म्हणजे जोतिराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गुलामगिरी’ या पुस्तकाची अर्पणपत्रिका होय. निग्रो गुलामांच्या सुटकेसाठी अमेरिकेतील सज्जनांनी निःस्वार्थ बुद्धीने जो त्याग केला त्याबद्दल आदर व्यक्त करून, शूद्र बांधवांच्या मुक्तीसाठी आपल्या देशबांधवांनीही तोच कित्ता गिरवावा अशी आशा जोतिरावांनी तीत प्रकट केली आहे. पुस्तक पुण्याचे असले, तरी ते लिहिणाऱ्याच्या घराण्याचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण, त्यांच्या पत्नी सावित्रीबाई यांचे जन्मगाव खंडाळा तालुक्यातील नायगाव, आणि त्या पुस्तकातून निघालेली चळवळ पुढे ज्या मुलखात सर्वांत खोल रुजली तो मुलूख कृष्णाकाठचा. त्या काळी सातारा आणि सांगली हे वेगळे जिल्हे नव्हते. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके जुन्या सातारा जिल्ह्यातच मोडत, १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा निराळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन थोडक्यात असे की, अर्पणपत्रिकेत ज्या अमेरिकेला वंदन केले आहे ती परोपकारी सज्जनांची अमेरिका होती, परंतु साताऱ्याच्या रयतेने प्रत्यक्षात जे केले त्याचे नाते दुसऱ्याच एका अमेरिकेशी, म्हणजे स्वतःच्या सुटकेसाठी स्वतः उठलेल्या गुलामांच्या अमेरिकेशी, अधिक जवळचे आहे.

अमेरिकेतील या चळवळींचे मूळ धर्मात होते हे प्रथम लक्षात घ्यावे लागते. १८०० सालाच्या आगेमागे तेथील प्रॉटेस्टंट पंथांत भक्तीची एक मोठी लाट उसळली, तिला इतिहासकार ‘दुसरे महाजागरण’ म्हणतात. पाप हे केवळ व्यक्तीचे नसून समाजाचेही असू शकते आणि ते प्रयत्नाने धुऊन काढता येते, अशी या लाटेची शिकवण होती. त्यातून दारूबंदी, तुरुंगसुधारणा, सार्वत्रिक शाळा, वेड्यांची शुश्रूषा, स्त्रियांचे हक्क आणि गुलामगिरीचे उच्चाटन अशा कामांसाठी सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या शेकडो मंडळ्या निघाल्या. याच लाटेत १८१० साली मॅसॅच्युसेट्समध्ये परदेशी धर्मप्रसारासाठी एक मंडळ स्थापन झाले आणि त्याने पाठवलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईस येऊन पोहोचले. अमेरिकन मराठी मिशन या नावाने ओळखल्या गेलेल्या या कार्यातच सिंथिया फरार या अविवाहित शिक्षिका १८२७ साली आल्या आणि पुढे अहमदनगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. त्या शाळा पाहून पुण्यात तशीच शाळा काढण्याची प्रेरणा झाल्याचे जोतिरावांनीच पुढे सांगितले आहे. १८४८ सालच्या जुलैत न्यूयॉर्क राज्यातील सेनेका फॉल्स या गावी स्त्रियांच्या हक्कांची पहिली परिषद भरली, आणि त्याच वर्षी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली. एवढ्यावरून दोन्ही घटनांत कार्यकारणभाव जोडणे चूक ठरेल. परंतु ज्या धार्मिक-सामाजिक उकळीतून सेनेका फॉल्सची परिषद निघाली, तिचाच एक झरा अहमदनगरमार्गे नायगावच्या लेकीपर्यंत येऊन पोहोचला होता, हे मात्र खरे.

गुलामगिरीविरोधी चळवळीकडे पाहण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत विल्यम लॉइड गॅरिसन हा गोरा संपादक मध्यभागी उभा असतो; त्याने १८३१ साली बॉस्टनमध्ये ‘लिबरेटर’ हे पत्र सुरू केले आणि १८३३ साली अमेरिकन गुलामगिरीविरोधी संस्था उभी केली. पुढे उत्तरेकडील शेकडो पाद्री, व्यापारी, शिक्षिका यांनी स्वतःचा काहीही लाभ नसताना, उलट दगडांचा मारा सोसून हे काम केले. दुसऱ्या रीतीत तोच इतिहास वेगळा दिसतो. ‘लिबरेटर’चे सुरुवातीचे बहुसंख्य वर्गणीदार मुक्त कृष्णवर्णीय होते, गुलामीतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८४७ साली स्वतःचे पत्र काढले, कारण आपली कैफियत दुसऱ्याच्या तोंडून मांडली जाणे त्यांना पुरेसे वाटेनासे झाले, हॅरिएट टबमन स्वतः सुटून थांबल्या नाहीत, त्या पुन्हा पुन्हा गुलामीच्या प्रदेशात शिरून इतरांना बाहेर काढत राहिल्या, आणि १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या फौजेत लढले. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने जे सुमारे ४० लाख लोक मुक्त झाले, त्यांची मुक्ती ही दान आणि लढा या दोन्हींची मिळून झालेली होती. जोतिरावांपर्यंत मुख्यतः पहिली रीत पोहोचली, यात नवल नाही, कारण मिशनरी पत्रे आणि इंग्रजी पुस्तके तीच सांगत होती. शिवाय अर्पणपत्रिकेचा रोख घरच्या सज्जनांकडे होता: परक्या वर्णाच्या माणसांसाठी अमेरिकन लोक आपले घर जाळून घेतात, तर येथील विद्वानांनी आपल्याच देशबांधवांसाठी काय केले, हा प्रश्न त्या आदरात दडलेला आहे. पुस्तकाचा उरलेला भाग, म्हणजे धोंडिबा आणि जोतिराव यांचा संवाद, मात्र कोणा सज्जनाची वाट पाहत बसत नाही.

अमेरिकेच्या या युद्धाचा सातारा-पुण्याकडील शेतकऱ्याशी आलेला संबंध केवळ वैचारिक नव्हता, तो बाजारभावाचा होता. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन चतुर्थांश कापूस युद्धापूर्वी अमेरिकेतून, म्हणजे गुलामांच्या श्रमातून येत असे. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाल्यावर मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, दख्खनमध्ये कर्ज सहज मिळू लागले, आणि १८६५ साली युद्ध संपताच भाव कोसळला, तेव्हा तेच कर्ज मानेवर बसले. या घसरणीला पुढे वाढीव शेतसाऱ्याची जोड मिळाली आणि १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांच्या वह्या व गहाणखते जाळण्यास सुरुवात झाली. दंगे मुख्यतः पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत झाले, तरी त्याच वर्षी जुन्या सातारा जिल्ह्यातील, आज शिराळा तालुक्यात असलेल्या कोकरूड येथेही तसाच उठाव झाला. दंग्यांच्या भागात कापूस फारसा पिकत नसल्याने या कारणमालिकेतील कापसाच्या भावाचे वजन किती, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत आणि ते रास्त आहेत. कर्जाची रोखे-पद्धत आणि नवी दिवाणी न्यायालये ही त्याहून जवळची कारणे होती. परंतु मिसिसिपीकाठच्या गुलामाच्या सुटकेचे आणि दख्खनच्या कुणब्याच्या कर्जाचे हिशेब एकाच बाजारात चुकते होत होते, ही गोष्ट ‘गुलामगिरी’ लिहिली गेली त्या काळाची खरी पार्श्वभूमी आहे.

मुक्तीनंतर अमेरिकेत जे घडले ते कृष्णाकाठच्या वाचकाला फार ओळखीचे वाटेल. मुक्त झालेल्या माणसाला जमीन मिळाली नाही. जुन्या मालकाचीच जमीन तो अर्धेलीने कसू लागला आणि पेरणीपूर्वी बियाणे, खेचर, कापडचोपड यांसाठी गावच्या दुकानदाराकडे उभे पीक तारण ठेवू लागला. हंगामाच्या शेवटी हिशेब दुकानदाराच्या वहीत, ती वही वाचता न येणारा कूळ, आणि दर वर्षी थोडी वाढत जाणारी बाकी, असे ते चक्र होते. फेडरल सत्तेने दक्षिणेत नवी राज्यव्यवस्था बसवण्याचा जो प्रयत्न केला, ज्याला पुनर्रचनेचा काळ म्हणतात, तो १८७७ साली गुंडाळला गेला आणि कागदावर मिळालेला मताधिकार लवकरच दहशतीने व कायद्याच्या कसरतींनी काढून घेतला गेला. म्हणजे ज्या वर्षी अर्पणपत्रिका छापली गेली, त्याच सुमारास तिच्या नायकांचा उत्साह मावळत चालला होता. इकडे १८७९ साली सरकारने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांना दिलासा देणारा खास कायदा केला, त्यानुसार न्यायाधीशाला रोख्याच्या आकड्यावर न थांबता कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार मिळाला. हा कायदा मोलाचा होता. पण वही वाचता येण्याला तो पर्याय नव्हता. जोतिरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची आणि शेतकरी वर्गातून आलेल्या शिक्षकांची जी मागणी केली, ती या अनुभवातून आली होती.

सत्यशोधक समाजाची स्थापना पुण्यात २४ सप्टेंबर १८७३ रोजी झाली. त्या समाजाने हाती घेतलेल्या कामांपैकी खेड्यात सर्वांत दूरवर गेले ते लग्नाचे काम. भटजीशिवाय लावलेले लग्न ही आज साधी बाब वाटते, परंतु त्या काळी गावच्या जोशाचा दक्षिणेचा हक्क हा वतनाचा हक्क होता आणि तो डावलणाऱ्यांवर कोर्टात फिर्यादी होत. १८८७ साली जोतिरावांनी या विवाहाचा विधी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. त्यातील मंगलाष्टकांत वधू वराजवळ स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते आणि ते हक्क देण्याची शपथ वर सर्वांसमक्ष घेतो. याच्याशी तुलना करण्याजोगे एक लग्न १ मे १८५५ रोजी मॅसॅच्युसेट्समध्ये झाले होते. गुलामगिरीविरोधी वक्त्या लूसी स्टोन आणि हेन्री ब्लॅकवेल यांनी विवाहप्रसंगी एक निषेधपत्र वाचून दाखवले, त्यात पत्नीचे शरीर, संपत्ती आणि मिळकत पतीच्या ताब्यात देणाऱ्या तत्कालीन कायद्याला त्या दोघांनी संमती नाकारली, आणि लूसी यांनी आपले माहेरचे आडनाव कायम ठेवले. दोन्ही विधींची जात एकच आहे. फरक असा की, अमेरिकेत तो दोन सुशिक्षित व्यक्तींचा अपवादात्मक निर्णय राहिला, तर इकडे निरक्षर कुणबी-माळ्यांच्या घरांत तो रीत म्हणून शिरला, जरी शपथेतील आशय किती संसारांत पाळला गेला याविषयी फार भाबडे राहण्याचे कारण नाही.

हा विचार निरक्षर गावापर्यंत पोहोचला तो छापील पुस्तकातून नव्हे, जलशातून. सत्यशोधक जलसा म्हणजे तमाशाचा साचा घेऊन केलेला प्रचाराचा खेळ: ढोलकी, तुणतुणे आणि झिलकरी तेच, गण-गवळण-बतावणी-वग हा क्रमही बहुतांशी तोच, पण वगात राजाराणीच्या जागी सावकार, कुलकर्णी, भटजी आणि त्यांच्यापुढे अंगठा उठवणारा शेतकरी. सुगी संपल्यावर, जत्रेच्या हंगामात, गॅसबत्तीच्या उजेडात रात्र रात्र चाललेला हा खेळ प्रेक्षकाला व्याजाचा हिशेब हसत हसत शिकवी. अमेरिकेतही हचिन्सन कुटुंबासारखे गायक १८४० च्या दशकात गावोगाव फिरून गुलामगिरीविरोधी गाणी गात होते. पण ते तिकीट काढून येणाऱ्या मध्यमवर्गीय श्रोत्यांपुढे, ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांच्यापुढे क्वचितच. साताऱ्यात सोंग घेणारा आणि ते पाहणारा, दोघेही कूळच. त्यामुळे १९१९ ते १९२१ या काळात जिल्ह्यातील अनेक गावांत कुळांनी खंड कमी करण्याची मागणी केली, जमीनदारांच्या जमिनी कसण्यास नकार दिला आणि भटजींकडून धर्मकृत्ये करून घेणे थांबवले, तेव्हा मुंबई-पुण्याच्या पत्रांना ते आकाशातून कोसळल्यासारखे वाटले तरी त्याची तालीम गावोगावच्या जलशांत आधीच झाली होती. या उठावाला काळी बाजूही होती. हक्काची भाषा काही ठिकाणी जातिद्वेषाच्या भाषेत उतरली आणि सावकार नसलेल्या, गरीब ब्राह्मण कुटुंबांनाही गाव सोडावे लागले, हे लपवून या चळवळीचा गौरव करणे तिच्या सत्यशोधक या नावाला शोभणारे नाही.

या मंथनातूनच ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली ती साताऱ्यास आणली. भाऊरावांची तुलना अनेकदा बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याशी केली जाते, आणि ती वरवर पाहता बिनचूक आहे. गुलाम म्हणून जन्मलेल्या वॉशिंग्टन यांनी १८८१ साली अलाबामा राज्यात टस्कीगी येथील शाळा उभी केली, तिच्या इमारती विद्यार्थ्यांनीच बांधल्या. विटांची भट्टी तीनदा फसली, तेव्हा चौथ्या भट्टीसाठी त्यांनी आपले घड्याळ गहाण टाकले. साताऱ्याच्या बोर्डिंगातील मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. तेथे मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशा सर्व जातिधर्मांची मुले एका चुलीवरचे अन्न एका पंक्तीत खात, स्वतः दळत-रांधत, लाकडे फोडत आणि शेतावर राबत. १९२७ साली गांधीजींनी या वसतिगृहाला भेट दिली व त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले. पण तुलना येथेच थांबवली पाहिजे. टस्कीगीत श्रम हाच अभ्यासक्रम होता, सुतारकाम, वीटकाम, शेती शिकून मुलाने दक्षिणेच्या व्यवस्थेत आपली जागा करावी असा तिचा हेतू होता, आणि डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९०३ साली त्यावरच बोट ठेवले की, उच्च शिक्षण आणि राजकीय हक्क यांवर पाणी सोडून मिळवलेली सुतारकी ही गुलामीचीच पुढली पायरी ठरेल. साताऱ्यात श्रम हा अभ्यासक्रम नव्हता, ती फी होती. ‘कमवा आणि शिका’ या योजनेत मुलगा खोदकाम करी ते इंग्रजी, गणित आणि इतिहास शिकण्याची किंमत म्हणून, आणि म्हणूनच प्राथमिक शाळांपासून निघालेली ही संस्था १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेजपर्यंत गेली. या एका बाबतीत साताऱ्याची कल्पना टस्कीगीपेक्षा सरस होती, असे निःशंकपणे म्हणता येते.

साताऱ्यातील सरकारी शाळेत १९०० साली दाखल झालेला एक विद्यार्थी पुढे १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला आणि त्यानेच या दोन इतिहासांची तुलना सर्वांत कठोरपणे केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे म्हणणे असे होते की, गुलाम ही मालकाची मालमत्ता असल्याने त्याला खाऊ घालण्यात आणि हुन्नर शिकवण्यात मालकाचे हित होते, अस्पृश्याच्या बाबतीत मात्र कोणाचेच कसले हित नव्हते. गुलामीचा कायदा रद्द करता येतो, अस्पृश्यता मात्र कायद्याच्या आधाराशिवायही जगते. हे विवेचन ‘गुलामगिरी’च्या पुढचे आहे, आणि ते कृष्णाकाठच्या चळवळीलाही लागू पडते. कुळांना आत्मभान देणाऱ्या या चळवळीचे राजकीय फळ मुख्यतः जमीन कसणाऱ्या मराठा शेतकऱ्याच्या पदरात पडले. गावकुसाबाहेरच्या भूमिहीनाला बोर्डिंगाचे दार उघडले तसे शेताचे उघडले नाही. अमेरिकेतही पंधराव्या घटनादुरुस्तीच्या वेळी, १८६९ साली, कृष्णवर्णीय पुरुषाला आधी मत द्यायचे की स्त्रीला, या वादात स्त्रियांच्या हक्कांची चळवळ दुभंगली आणि स्त्रियांना देशभर मताधिकार मिळायला १९२० साल उजाडले. एका पीडिताच्या मुक्तीचा हिशेब दुसऱ्याच्या खात्यातून वळता करण्याची सवय दोन्हीकडे दिसते.

सुधारणेच्या इतर धाग्यांचा येथे ओझरता उल्लेख पुरे. फिलाडेल्फियात १८२९ साली सुरू झालेल्या तुरुंगात कैद्याला पश्चात्तापासाठी एकांत कोठडीत ठेवण्याची पद्धत मोठ्या सद्‌हेतूने घालण्यात आली आणि तिने अनेकांची बुद्धी भ्रष्ट केली. याउलट आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे औंध संस्थानाने १९३९ साली भिंतीविना तुरुंग उघडला, जेथे शिक्षा झालेली माणसे बायकामुलांसह शेती करू लागली. दारूबंदीचा अमेरिकेतला पहिला राज्यव्यापी कायदा १८५१ साली मेन राज्यात झाला. वाळवा तालुक्यातील येडेमच्छिंद्रच्या नाना पाटलांच्या प्रतिसरकारने १९४३ नंतर दारूचे गुत्ते बंद पाडले, कमी खर्चाची गांधी-लग्ने लावली आणि न्यायदान मंडळे चालवली, तेव्हा तरुणपणी सत्यशोधक विचाराने भारलेल्या या नेत्याने इंग्रजांशी लढतानाच गावातील सुधारणेचे जुने काम पुढे नेले.

या सगळ्या इतिहासाचा एक भाग मात्र अजून अंधारात आहे. अमेरिकेत १९३६ ते १९३८ या वर्षांत सरकारने बेकार लेखकांना कामाला लावून, गुलामीत जन्मलेल्या आणि तोवर हयात असलेल्या २३०० हून अधिक वृद्धांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत टिपून ठेवल्या, म्हणून तेथील मुक्तीचा इतिहास आज मुक्त झालेल्यांच्या तोंडून वाचता येतो. कृष्णाकाठच्या जलशांतील सोंगाडे, झिलकरी आणि शाहीर आता हयात नाहीत, पण त्यांच्या वगांची हस्तलिखित बाडे, गावोगावच्या सत्यशोधक सभांची इतिवृत्ते, बोर्डिंगांचे हजेरीपट आणि धान्याच्या वर्गणीच्या वह्या वाळवा, खटाव, कराड, तासगावकडील घरांच्या माळ्यांवर आणि शाळांच्या कपाटांत असण्याची दाट शक्यता आहे. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते रद्दीत जाण्यापूर्वी जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात किंवा शिवाजी विद्यापीठात नेऊन द्यावेत, आणि मूळ प्रत देणे जिवावर येत असेल तर निदान छायाप्रत तरी काढू द्यावी, अशी श्रोत्यांना आणि वाचकांना विनंती आहे.